आधी अदमास, मग दशांश चिन्ह

घरातला आकडे असलेला एखादा कागद आणा, असे मी सहावीच्या वर्गाला सांगितले होते. कुणी विजेचे बिल आणले, कुणी किराणा दुकानाची चिठ्ठी. एका मुलीने दूध संकलन केंद्रावरची पावती आणली, चार बोटे रुंदीची, घडीवर पुसट झालेली. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. फॅट ३.४५ होते. मी फळ्यावर ३.४५ लिहिले, शेजारी ३.५ लिहिले आणि विचारले, कोणत्या दुधात फॅट जास्त?

"तीन पॉइंट पंचेचाळीसमध्ये, बाई."

"का गं?"

"पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे ना."

वर्गातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या.

या मुलीला दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येते. चिन्हाखाली चिन्ह मांडते, हातचा विसरत नाही. तिचा त्या प्रकरणाचा प्रत्येक सरावसंच पूर्ण आहे आणि पानोपानी बरोबरच्या लाल खुणा आहेत. त्या मीच केल्या आहेत. एवढी उदाहरणे सोडवूनही ३.५ म्हणजे केवढे, हा प्रश्न तिला कधी पडला नाही, कारण तो तिला कुणी विचारलाच नाही. दशांश, टक्केवारी आणि असमानता (म्हणजे 'इतक्यापेक्षा कमी', 'इतक्यापेक्षा जास्त' अशी विधाने) या तीन गोष्टी पाचवी ते आठवीच्या गणितात आपण ज्या पद्धतीने हाताळतो, त्या पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे. पहिल्या दोन गोष्टींत सराव कमी पडतो असे मला वाटत नाही. तो चुकीच्या टोकापासून सुरू होतो. मुलाने पेन टेकवण्याआधी उत्तराचा अदमास बांधला पाहिजे, तो वहीत लिहिला पाहिजे आणि त्याला परीक्षेत गुण मिळाले पाहिजेत. हे मागणे छोटे दिसते, पण ते पाठ्यपुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत उतरल्याशिवाय वर्गात टिकणार नाही.

ती मुलगी चुकली खरी, पण तिच्या चुकीला कारण आहे. तिच्या रोजच्या जगातला टिंब दरवेळी वेगळा वागतो. शाळेच्या फळ्यावर 'वेळ ७.३०' लिहिलेले असते. तिथे टिंबापुढचे तीस साठापैकी असतात. संध्याकाळी घरात क्रिकेट चालू असते आणि पडद्यावर १९.५ षटके दिसतात. तिथे पाचानंतर एकच चेंडू उरतो आणि पुढे थेट वीस. आजोबांच्या सातबाऱ्यावर क्षेत्र १.२०.५० असे दोन टिंबांनी लिहिलेले असते: एक हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. आणि रुपये-पैसे तर आपण स्वतःच तसे वाचायला शिकवतो, तीन रुपये पंचेचाळीस पैसे. या सगळीकडे टिंब म्हणजे दोन पूर्ण संख्यांमधली भिंत. अलीकडे एक संख्या, पलीकडे दुसरी. मग ३.४५ मध्ये तीन आणि पंचेचाळीस दिसले, तर त्यात मुलीचे काय चुकले? तिने जगाकडून शिकलेला नियम प्रामाणिकपणे लावला. तो नियम इथे का लागत नाही, हे सांगणे माझे काम होते आणि मी तेवढ्या वेळात तिच्याकडून आणखी दहा बेरजा करून घेतल्या.

रुपये-पैशांबद्दल आणखी एक गोष्ट. दशांश शिकवताना आपण आजही पैशांचाच आधार घेतो. पण चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. आज सहावीत बसणाऱ्या मुलाचा त्यानंतर जन्म झाला आहे. त्याने पंचवीस पैसे हातात धरलेले नाहीत, पन्नास पैशांचे नाणेही क्वचितच. मोबाइलवरून पैसे देताना १४९.०० दिसते, त्यातली शेवटची दोन शून्ये त्याच्या लेखी शोभेची आहेत. ज्या नाण्यावर दुसरे दशांश स्थळ उभे होते ते नाणेच राहिले नाही, आणि पुस्तकातले उदाहरण मात्र तसेच आहे.

याउलट दुधाच्या पावतीत दशांश अजून जिवंत आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. डेअरीवर फॅटच्या एका दशांशाला 'एक पॉइंट' म्हणतात, तिथे हा शब्द रोजचा आहे. समजा, एका पॉइंटला लिटरमागे ३० पैसे कापले जातात. फॅट ३.३ लागले, म्हणजे दोन पॉइंट खाली. लिटरला ६० पैसे गेले. घरचे वीस लिटर दूध असेल तर दिवसाला बारा रुपये, महिन्याला तीनशे साठ. एवढी मांडणी केली की ३.३ आणि ३.५ मधले अंतर मुलांना डोळ्यांनी दिसते. त्या मुलीने नंतर ३.४५ आपणहून ३.४ आणि ३.५ च्या बरोबर मध्ये ठेवले. "अर्धा पॉइंट कमी," ती म्हणाली. तिच्या वडिलांच्या तोंडी हाच शब्द असणार.

आपल्या भाषेत तर अदमासाची सगळी हत्यारे आयती आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन, पावणेचार. ३.७५ ला पावणेचार म्हटले की ते चाराच्या अगदी अलीकडे येऊन बसते. तीन पूर्णांक पंच्याहत्तर शतांश म्हटले की ते कुठेच बसत नाही, नुसते लांबते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन, हेसुद्धा आता सांगावे लागते. ती पाठांतरे जशीच्या तशी परत आणा, असे माझे म्हणणे नाही. त्या काळी रुपयाचे सोळा आणे होते आणि पावकीवाचून दुकानात उभे राहता येत नसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या काही वर्षांत शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, हिशेब फार सोपा झाला आणि ते चांगलेच झाले. पण त्या बदलात एक नाते शाळेबाहेर राहिले. भाजी बाजारात मूल 'अदपाव मिरची द्या' म्हणते, दुकानदार १२५ ग्रॅम तोलतो, आणि वर्गात आपण त्याच मुलाला किलोच्या साडेबारा टक्के किती, हे त्रैराशिक मांडून काढायला लावतो. अदपाव, १२५ ग्रॅम, ०.१२५ आणि साडेबारा टक्के ही एकाच गोष्टीची चार नावे आहेत, हे त्याला आठवीपर्यंत कुणी सांगत नाही.

साडेबारा टक्के म्हटले की उरण-पनवेलकडच्या लोकांना गणिताचे पुस्तक आठवत नाही. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा निर्णय झाला. आता हिशेब पाहा. एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. पण त्यातले ३० टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात. हे तीस टक्के चाळीस गुंठ्यांचे नव्हेत, पाच गुंठ्यांचे. म्हणजे दीड गुंठा गेला, साडेतीन राहिले. मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के. ज्याला 'कशाचे टक्के?' हा प्रश्न विचारता येत नाही, तो साडेबारातून तीस वजा कसे करायचे म्हणून गोंधळून जाईल किंवा समोरचा सांगेल ते मान्य करील. माणसांनी जीव देऊन मिळवलेला आकडा वाचता येणे, एवढे तरी सातवीच्या टक्केवारीने द्यायला हवे.

'कशाचे टक्के' हा प्रश्न आमच्या सरावात जवळजवळ नसतोच. सरावसंचातले उदाहरण बहुधा असे असते: अमक्या संख्येचे तमके टक्के काढा. संख्या दिलेली, टक्के दिलेले. गुणा, शंभराने भागा, झाले. खऱ्या व्यवहारात संख्या शोधावी लागते, आणि फसवणूक तिथेच होते. मुलांच्या दप्तरातलेच उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून कंपासपेटीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मी आठवीला विचारले, कंपासपेटी किती टक्क्यांनी स्वस्त झाली? सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, सात. मूळ किंमत शंभर धरली तर पूर्वी ११२ द्यावे लागत, आता १०५. सात रुपये कमी झाले, पण ११२ वर. म्हणजे सव्वासहा टक्के. कर सात टक्क्यांनी कमी झाला म्हणावे, तर तेही बरोबर नाही, कारण बाराचे पाच होणे म्हणजे कर निम्म्याहूनही खाली येणे. एकाच घटनेचे तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे. त्या दिवशी अख्खा तास याच एका उदाहरणात गेला. एक सरावसंच राहून गेला, त्याचे मला वाईट वाटलेले नाही.

घरातल्या बायकांना याचा चटका जास्त बसतो. गावात व्याज 'शेकडा दोन' असे सांगतात. हे दोन महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेच्या पाटीवरचे बारा टक्के वर्षाचे असतात. आठवीतल्या मुलाला आईने विचारले, कुठून कर्ज घेऊ, तर दोन बारापेक्षा लहान आहे एवढेच त्याचे गणित त्याला सांगते. सरळव्याजाचे सूत्र त्याला तोंडपाठ असते, मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. दर कोणत्या मुदतीचा, हे सूत्रात लिहिलेले नसते.

असमानतेची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, कारण तिथे सराव चुकीचा नसून जवळजवळ नाहीच. पहिली-दुसरीत आपण 'मगर मोठ्या घासाकडे तोंड करते' असे सांगून लहान-मोठेपणाची चिन्हे शिकवतो. पुढे पूर्णांक संख्या आल्या, परिमेय संख्या आल्या की त्यांच्या मधल्या चौकटीत ते चिन्ह भरायला लावतो. पण एखादी राशी बारापर्यंत चालेल, बाराच्या वर चालणार नाही, असे विधान चिन्हाने लिहायचे, संख्यारेषेवर दाखवायचे आणि त्यावरून निर्णय घ्यायचा, याला राज्य मंडळाच्या पाचवी ते आठवीत स्वतंत्र जागा नाही. समीकरणे सोडवायला भरपूर जागा आहे. व्यवहारात मात्र 'बरोबर इतके' फार कमी वेळा लागते. 'निदान इतके', 'फार तर इतके' हेच लागते.

मी वर्गात एसटीच्या तिकिटापासून सुरुवात केली. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, हे त्यांना पक्के माहीत आहे, कारण सहावीतली मुले त्याच उंबरठ्यावर असतात. (मुलींना २०२३ पासून तसेही अर्धेच तिकीट आहे, त्यामुळे हा वाद मुलांनी जास्त हिरीरीने घातला.) मी विचारले, आज ज्याला बारा पूर्ण झाली त्याला अर्धे की पूर्ण? वर्ग दुभंगला. बारापर्यंत म्हणजे बारा धरून, असे काही म्हणाले. "बारा लागले की बारापर्यंत, बारा सरले की तेरावे," असे एकाने सुनावले. अकरा वर्षे अकरा महिने झालेल्याचे वय किती लिहायचे? मग फळ्यावर आम्ही शब्दांची यादी केली: पर्यंत, आत, वर, पूर्ण, निदान, किमान, फार तर, कमाल, पेक्षा जास्त नको. प्रत्येक शब्दासमोर चिन्ह लिहायचे, आणि चिन्हाखाली बरोबरची रेघ येईल की नाही ते ठरवायचे. 'बाराच्या आत' वर अर्धा तास गेला. बारा आत की बाहेर, हा भाषेचा प्रश्न आहे की गणिताचा? मुलांनी तो दोन्हींचा आहे हे त्या अर्ध्या तासात ओळखले, आणि संख्यारेषेवर भरीव गोल आणि पोकळ गोल का काढतात हे मला वेगळे शिकवावे लागले नाही.

ही एक रेघ किती महाग पडते, ते कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्यांना विचारा. कापसाचा हमीभाव आठ टक्के ओलाव्याला असतो. आठच्या वर, बारापर्यंत, ओलाव्याच्या प्रमाणात दर कमी होत जातो. बाराच्या वर सरकारी केंद्र कापूस घेत नाही. सोयाबीनलाही बाराचीच मर्यादा, २०२४ च्या नोव्हेंबरात ती पंधरापर्यंत शिथिल केली गेली. म्हणजे ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर १२.० आले तर गाडी आत, १२.१ आले तर बाहेर. त्या एका आकड्यात दशांश आहे, टक्का आहे आणि असमानता आहे. भाड्याच्या गाडीत माल भरून तीस किलोमीटर आलेल्या माणसाचा हंगाम त्यावर ठरतो. त्याच्या मुलाच्या वहीत ही तीन प्रकरणे वेगवेगळ्या सत्रांत येतात, किंवा तिसरे येतच नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की गणित हे अचूकतेचे शास्त्र आहे, अदमासाची सवय लावली तर मुले ढिसाळ होतील. माझा अनुभव उलटा आहे. ८.६ लिटर दूध, दर ३४.५०. नुसता नियम पाळणारे मूल ८६ ला ३४५० ने गुणते, टिंबापुढचे अंक मोजताना गडबडते आणि २९६७ किंवा २९.६७ लिहून पुढच्या उदाहरणाकडे जाते. त्याला दोन्ही उत्तरे सारखीच. ज्याने आधी 'साडेआठाला चौतीस-पस्तीस, म्हणजे तीनशेच्या आसपास' असे लिहिले आहे, तो २९.६७ बघून थांबतो. अचूकतेचा पहारेकरी अदमासच असतो. आणि पाढे पाठ नसतील तर अदमासही बांधता येत नाही, म्हणून पाढे, हातचे, भागाकाराची रीत यांचे घोटणे मला हवेच आहे. वीस उदाहरणांच्या जागी दहा द्या आणि दहाही अदमासासकट द्या, एवढेच.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. जे तपासले जात नाही ते शिकवायला वेळ कुणाला आहे? हे खरे आहे. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला मी काय सांगणार? शिवाय वरून येणारे सगळे लक्ष पायाभूत साक्षरतेकडे आहे. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट तिसरीपर्यंतचे आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या घरोघरच्या चाचणीत अंकगणित तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्यापाशी थांबते. वाचता येणे आणि वजाबाकी येणे आधी महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. पण त्यामुळे भागाकार आलेले मूल आपोआप पार झाले, असा समज पसरला आहे. ते पार झालेले नसते. त्याची खरी घसरण पाचवीनंतर सुरू होते आणि नववीत बीजगणित समोर आले की ती दिसते. तोवर चार वर्षे गेलेली असतात.

म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून हवा. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. त्या परीक्षेत गणिताच्या प्रत्येक व्यवहारी उदाहरणाखाली 'अंदाजे उत्तर' अशी एक ओळ छापा आणि तिला एक गुण द्या. अदमास योग्य टप्प्यात असेल तर गुण, मग पुढचा गुणाकार चुकला तरी चालेल. टक्केवारीच्या प्रश्नात 'हे कशाचे टक्के आहेत?' असा उपप्रश्न घाला. असमानतेला सातवीत एक छोटे प्रकरण द्या, सूत्रांशिवाय, फक्त 'फार तर' आणि 'निदान' यांचे. आणि सरावसंचांत दुधाची पावती, एसटीचे तिकीट, ओलाव्याची चिठ्ठी जशीच्या तशी छापा, म्हणजे कोणता आकडा घ्यायचा हे मूल स्वतः शोधील. पाठ्यपुस्तकांत २०२३-२४ मध्ये कोरी पाने घातली गेली आणि दोन वर्षांनी काढली गेली. त्या सगळ्या काळात चर्चा दप्तराच्या ओझ्याची झाली. त्या पानांवर मुलांनी काय लिहायचे, याची झाली असती तर त्यातले निम्मे पान अदमासाला मागता आले असते.

यंदा मी माझ्यापुरते सुरू केले आहे. गणिताच्या वहीला डावीकडे दोन बोटांचा समास आखायचा आणि त्यात आधी अदमास लिहायचा, तोही शक्यतो साडे-पावणे लावून. सुरुवातीला मुले उत्तर काढून झाल्यावर समासात तोच आकडा गोल करून लिहायची. ते माझ्या लगेच लक्षात यायचे, कारण सगळ्यांचे अदमास फारच चांगले असायचे. मग मी समासात पेन आणि उदाहरणाला पेन्सिल असा नियम केला, म्हणजे समास खोडता येत नाही. आता तिथे चुकलेले अदमास दिसू लागले आहेत, तीनशेच्या जागी तीस, पावणेचारच्या जागी साडेचार. परवा त्या पावतीवाल्या मुलीच्या वहीत समासात 'तीनशेला थोडे कमी' असे शाईने लिहिलेले होते आणि शेजारी पेन्सिलीत २९.६७. ते खोडून त्याच्या वर २९६.७० लिहिले होते. मी तिला काही सांगितले नव्हते.